सुटकेच्या तीन अटी

अल वक्रा,
२ मार्च २०२५

ती. ताई, नंदूचा नमस्कार.

तुझ्या लेकाला त्या ठेकेदाराच्या नोकरीतून सोडवायला मला काय पडलं ते आधी लिहून टाकतो. कामगार खात्यात पाच खेपा. टायपिंग, भाषांतर आणि शिक्के मिळून साडेतीनशे रियाल. त्या ठेकेदाराच्या ऑफिसात चहाचे अकरा कप. मॅनेजर आत असूनही 'बाहेर गेलेत' असं सांगायचे आणि मी काही उठायचो नाही, त्यामुळे. एक दिवस रांगेत उभं राहून सुजलेले पाय. आणि लताचा चार दिवसांचा अबोला, कारण तिच्या भावाच्या मुलासाठी मी इतका कधी धावलो नव्हतो. एवढ्यात देवव्रत मोकळा झाला. तू मागे लिहिलं होतंस की अमेरिकेने फिलिपिन्सची बेटं स्पेनकडून दोन कोटी डॉलरला घेतली. त्या मानाने मला भाचा स्वस्तात पडला!

आता तो कुणाचा नोकर नाही. कारखान्यांतले प्रेशर गेज तपासून द्यायची स्वतःची कंपनी काढलीय, मेसईदला शेड घेतलीय. शेडचं डिपॉझिट मी भरलं. तुझा लेक मालक झाला, सांग नाशकात सगळ्यांना.

पण पोर साधं आहे. तो हसून बोलतो, आणि हसून बोलणाऱ्याला इथे दोन दिवसांत गिळतात. म्हणून गेल्या रविवारी अल दुहैलला त्याच्या घरी बसून एका कागदावर त्याची सही घेतली. तीनच अटी. पहिली, माझ्या कानावर घातल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी करार करायचा नाही. दुसरी, धंद्याला धोका दिसला तर मी मध्ये पडून कारभार हातात घेईन, आणि धोका आहे की नाही ते मी ठरवीन. तिसरी, शेडचा मागचा कोपरा वेगळ्या दारासकट माझ्या डक्टच्या सामानाला, मुदत नाही, दोघांचं एकमत झालं तरच सुटेल.

हसू नकोस. एसी फिटर म्हणून कतारला आलो तेव्हा मला इंग्रजीत फक्त स्वतःचं नाव लिहिता यायचं. आज चौतीस वर्षांनंतर, माझ्या कागदात भोक काढून दाखवणारा माणूस दोह्यात जन्माला यायचा आहे.

तुझं अमेरिकेच्या इतिहासाचं पुस्तक कुठवर आलं?

नंदू

*

नाशिक,
२५ मार्च २०२५

चि. नंदू, आशीर्वाद.

देवव्रतसाठी धावलास, त्याचे आभार मानले तर तू रागावशील म्हणून मानत नाही. पाय शेकत जा.

तुझ्या हिशेबात एक दुरुस्ती करते, शाळेतली सवय. दोन कोटी ही स्पेनला दिलेली रक्कम. त्या बेटांवरच्या माणसांना कुणी काही विचारलंच नव्हतं. स्पेनपासून सुटलो म्हणून त्यांनी स्वतःचं सरकार मांडलं होतं, ते सुटका करणाऱ्यांनीच मोडलं. पुढे तीन वर्षं लढाई चालली. चार हजारांवर अमेरिकन शिपाई मेले, आणि तिथली माणसं किती गेली हे सांगताना अभ्यासक दोन लाखांपासून सुरुवात करतात. खरी किंमत अशी मागाहून कळते. तुझाही हिशेब अजून पुरा झाला नसेल.

पुस्तकाचं चौथं प्रकरण, क्युबाचं, हर्षलच्या हाती पाठवतेय. समोरच्या जोशांचा मुलगा, दोह्यात बँकेत आहे, सोमवारी निघतोय. सावकाश वाच. मी हे मुद्दाम सोप्या भाषेत लिहिलंय, इतिहास न शिकलेल्या माणसाला कळतं का ते मला बघायचंय.

त्या तीन अटी सही करण्याआधी देवव्रतला घरी न्यायला दिल्या होत्यास का? सहज विचारतेय.

तुझी ताई

*

अल वक्रा,
२० एप्रिल २०२५

ती. ताई, नमस्कार.

चौथं प्रकरण एका बैठकीत वाचलं. काय लबाड माणसं गं! लढाईला निघताना आपल्याच संसदेत ठराव करतात की क्युबा आम्हाला नको, फक्त स्पेनच्या जाचातून सोडवायचंय. स्पेन गेल्यावर सांगतात, आमचं सैन्य परत हवंय ना, मग ही कलमं तुमच्या घटनेत घाला. परक्याशी वाटेल तसा करार करायचा नाही. तुमचं स्वातंत्र्य धोक्यात आलं असं आम्हाला वाटलं की आम्ही मध्ये पडणार. आणि एका बंदराची जागा द्या! त्यांच्या सभेत सोळा विरुद्ध अकरा मतांनी पास झालं म्हणतेस. त्या अकरा जणांना माझा सलाम सांग. लढाईत ज्यांची घरं जळली त्यांनी सुटकेचं बिल पण भरायचं?

मी मोठ्याने वाचत होतो आणि लता भाजी निवडताना हसत होती. कशाला हसते विचारलं तर म्हणाली, "काही नाही, वाचा पुढे."

आता खरी गोष्ट. माझ्या कानांनी मला कधी दगा दिला नाही, तुला ठाऊक आहे. परवा देवव्रतकडे जेवायला गेलो होतो. हात धुताना पलीकडच्या खोलीतून त्याचा फोन ऐकू आला. मी नळ बंद केला. तो हिंदीत म्हणत होता, "विजयकुमारजी, खलास, डन समझो. मामा को मैं बोलूंगा, पर अभी नहीं."

विजयकुमार म्हणजे कोइम्बतूरचा. दोह्यात त्याची गेज तपासण्याची मोठी कंपनी आहे, गोड बोलतो, सगळ्यांना 'ब्रदर' म्हणतो. दहा वर्षांपूर्वी माझे दोन फिटर त्याने असेच ब्रदर म्हणत पळवले. मी जेवताना सहज विचारलं, "काय रे, नवीन काही?" तर म्हणतो, "नाही मामा, सगळं तेच." आणि तुझ्या सुनेने, नमिताने, लगेच माझ्या पानात तिसरी पोळी वाढली. मी दोनच खातो, तिला माहीत आहे.

काहीतरी शिजतंय. तुझ्या कानावर आलं असेल तर कळव.

नंदू

*

नाशिक,
९ मे २०२५

चि. नंदू, आशीर्वाद.

लता हसली ते मला कळलं. तुला अजून कळलेलं दिसत नाही, म्हणून सरळ लिहिते.

माझ्या प्रकरणाचं नववं पान उघड. क्युबाच्या गळ्यात घातलेली कलमं तिथे एकाखाली एक दिली आहेत. शेजारी तुझं २ मार्चचं पत्र ठेवते, कारण मी तुझी सगळी पत्रं ठेवते. परक्याशी करार नाही: तुझी पहिली अट. मध्ये पडायचा हक्क, आणि कधी पडायचं ते आम्हीच ठरवणार: तुझी दुसरी. न संपणाऱ्या मुदतीचा कोपरा, दोघांचं एकमत झालं तरच सुटणारा: तुझी तिसरी. तो क्युबातला कोपरा सव्वाशे वर्षं होत आली तरी अजून सुटलेला नाही.

तू लबाड नाहीस. ते सगळेही लबाड नव्हते. त्यांतल्या बऱ्याच जणांना मनापासून वाटत होतं की आपण एका कच्च्या पोराला सांभाळतोय. त्यांची भाषणं मी वाचली आहेत. तुझ्या 'पोर साधं आहे' या वाक्यासारखी वाक्यं त्यांत पानोपानी सापडतात.

तो चौतीस वर्षांचा आहे, नंदू. तू त्या वयाचा होतास तेव्हा तुझ्या हाताखाली वीस माणसं होती आणि तुला कुणी मामा नव्हता.

विजयकुमारबद्दल मला विचारू नकोस. देवव्रतला विचार, आणि विचारशील तेव्हा नळ चालू ठेव.

तुझी ताई

*

अल वक्रा,
२८ मे २०२५

ती. ताईस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला वाईट वाटलं. मी अमेरिका? माझ्याकडे काय आरमार आहे? एक पिकअप आहे, तिचाही एसी चालत नाही. मी त्या पोराकडून एक रियाल मागितलेला नाही. घरातला मोठा माणूस आणि परका देश यांत काही फरक असतो की नाही?

तू 'विचारू नकोस' लिहिलंस, म्हणजे तुला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे आणि मला नाही. मेसईदच्या बसमध्ये दोन सुपरवायझर बोलत होते, मी पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलो होतो. खताच्या कारखान्यातलं गेज तपासायचं काम विजयकुमारमार्फत देवव्रतच्या कंपनीला मिळतंय म्हणे. म्हणजे सरळ आहे. आज काम त्याच्यामार्फत, उद्या माणसं त्याची, परवा कंपनीच त्याची.

तेव्हा मी मध्ये पडलो. कागदावर लिहिलंय तसं. त्या कारखान्यातला मेंटेनन्सचा मुख्य माझा जुना माणूस, त्याच्या घरचे एसी मीच बसवले. त्याला म्हटलं, भाच्याचं काम सध्या थांबवा, माझा फोन आल्याशिवाय पुढे नेऊ नका. तो म्हणाला, "तुम कहते हो तो रोक देता हूं." काम थांबलं. एका फोनवर.

देवव्रतने अजून काही म्हटलेलं नाही. आला नाही, फोनही नाही. बिथरला असेल. उतरेल राग. आत्ता धडा मिळालेला बरा.

नंदू

*

नाशिक,
१५ जून २०२५

नंदू,

देवव्रतने मला फोन केला होता. वीस मिनिटं बोलला, त्यात तुझ्याबद्दल एकही वाईट शब्द नाही. शेवटी विचारलं, "आई, मी नाशिकला परत येऊ का? इथे ठेकेदाराच्या हाताखाली होतो तेव्हा निदान कुणावर चिडायचं ते माहीत होतं."

त्याचं हे पहिलं स्वतःचं काम होतं. ते पुन्हा मिळालं नाही तर शेडचं भाडं ऑगस्टपर्यंतच निघेल. मग दोघं सामान विकून येतील. तुझ्या फोनने काय झालं ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

बाकी मी लिहीत नाही, भांडण होईल. पाचवं प्रकरण, पनामाचं, सोबत आहे. बेत असा होता: कालवा हवा, कोलंबिया जमीन देईना. मग पनामा प्रांताने उठाव केला, अमेरिकेची जहाजं आडवी उभी राहिली, आणि तिसऱ्या दिवशी नव्या देशाला मान्यता मिळाली. पंधराव्या दिवशी तह. त्या तहावर पनामाच्या वतीने ज्याने सही केली तो पनामाचा माणूस नव्हता. फ्रान्सचा इंजिनियर, स्वतःच्या फायद्यासाठी मध्ये आलेला. पनामाची खरी मंडळी वॉशिंग्टनला पोचली तेव्हा सही होऊन काही तास झाले होते. शाई वाळली होती. त्यांचं दुर्दैव असं की तो कागद चालवला गेला.

हे प्रकरण शेवटपर्यंत वाच. सही कुणाची आहे, हे बघायची सवय माणसाला पहिल्यापासून असावी.

ताई

*

अल वक्रा,
३० जून २०२५

ती. ताई, नमस्कार.

आम्ही ठीक आहोत, हे फोनवर दहा वेळा सांगितलं, आता कागदावरही लिहून देतो. त्या सोमवारी संध्याकाळी साडेसातला लता गॅलरीतले कपडे काढत होती. पश्चिमेला आकाशात दिवे सरकताना दिसले आणि मग आवाज. एकामागून एक. खिडकीच्या काचा थरथरल्या. इराणने अमेरिकेच्या इथल्या तळावर क्षेपणास्त्रं सोडली होती. बहुतेक वरच्या वर पाडली, माणूस कुणी दगावला नाही. पण तेव्हा कुणाला काय माहीत? लता माझा दंड धरून जिन्यात बसली. खालच्या मजल्यावरचा केरळी म्हातारा म्हणाला, "बेस अमेरिका का, ॲड्रेस हमारा."

ताई, तेव्हा मला तुझा तो क्युबातला कोपरा आठवला. कोपरा दिला की तो देणाऱ्याच्या अंगावर कधी काय आणेल सांगता येत नाही. हे तुझ्या नवव्या पानावरून कळलं नव्हतं, जिन्यात बसल्यावर कळलं.

पहिला फोन देवव्रतचा आला. महिन्याने. "मामा, खिडकीपासून लांब बसा. मामींना पाणी द्या." बस, एवढंच बोलून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्या कारखान्याच्या मुख्याला फोन करून काम सोडायला सांगितलं. हे तुला फोनवर सांगितलं नाही, कारण तू लगेच रडतेस. त्याचं उत्तर ऐक. "अब ऊपर से पूछना पड़ेगा, नंदूभाई." थांबवताना वर विचारावं लागलं नव्हतं.

दुसरी अट मी मनातून खोडली. पण पहिली आणि तिसरी नाही खोडणार. का, ते सांगतो. शनिवारी शेडवर गेलो तर विजयकुमारची गाडी उभी. त्याची दोन माणसं एक मोठं मशीन आत ढकलत होती, आणि देवव्रत पुढे होऊन दार धरत होता! मला बघून विजयकुमार म्हणाला, "अरे ब्रदर, आओ आओ." माझ्याच डिपॉझिटच्या शेडमध्ये मला आओ आओ. मी गाडी वळवली.

पोरगं गिळलं जातंय, ताई, आणि ते ओरडत नाहीये. म्हणून आता एकच करायचं. सहीचा कागद वकिलाकडे नेऊन पक्का करून घेणार. विजयकुमारला कायद्याने बाहेर काढणार. मग देवव्रतला काय ते कळेल, आणि तुलाही.

पनामा अर्धं वाचलं. उरलेलं नंतर.

नंदू

*

अल वक्रा,
१९ जुलै २०२५

ती. ताई, नमस्कार.

पनामा शेवटपर्यंत वाचलं. जरा उशीर झाला.

कागद घेऊन जैदकडे गेलो होतो. जैद वकिलाच्या ऑफिसात कारकून, जॉर्डनचा, पण मुंबईवाल्यांच्या संगतीने हिंदी बोलतो. त्याने कागद वाचला, मान डोलावली. म्हणाला, "बहुत स्ट्राँग है. ये सिग्नेचर किसका?"

"भांजे का."

"कंपनी में क्या है वो?"

"मालिक है, और क्या!"

त्याने मोबाइलवर कंपनीची सरकारी नोंद काढली. इथे त्याला सगळे सीआर म्हणतात. वर-खाली बोट फिरवलं आणि मोबाइल माझ्याकडे वळवला. "नंदूभाई, ये नमिता मॅडम कौन है?"

तिथून थेट अल दुहैल. दार नमितानेच उघडलं. मी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "मला फसवलंत?"

"आत या मामा. आधी बसा."

"बसत नाही. कंपनी तुझ्या नावावर आणि सही त्याची घेतलीत?"

"सही आम्ही घेतली की तुम्ही?" ती शांतपणे म्हणाली. "जानेवारीत देवव्रत नोटीस पीरियडमध्ये होता, जुन्या ठेकेदाराच्या परमिटवर. त्याचं नाव टाकता येत नव्हतं. म्हणून माझं टाकलं. फेब्रुवारीत तुम्ही आलात तेव्हा तो म्हणालाही, नमिता ऑफिसातून साडेपाचला येते, तोवर थांबू या. तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवलं. मी म्हणालो होतो, बायकांना कशाला त्रास, पेन आण.

देवव्रत दारात उभा होता. म्हणाला, "मामा, मी तीन वेळा सांगायला निघालो होतो. तुम्ही त्या ठेकेदाराच्या ऑफिसात बसलेले आठवायचात आणि तोंड उघडायचं नाही."

"आणि तो विजयकुमार?"

"मशीन भाड्याने घेतलंय. आमच्याकडे विकत घ्यायला पैसे नाहीत. एका वर्षाचं भाडं, मग परत. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पहिली अट पुढे केली असती."

"मग कागद चालतच नव्हता, तर एवढे घाबरलात कशाला? नाशिकला निघाला होतात म्हणे!"

त्यावर नमिता म्हणाली ते तुला जसंच्या तसं लिहितो. "कागद चालत नाही हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मामा. पण मेसईदमध्ये तुमचा शब्द चालतो. त्याला आमच्याकडे काही उपाय नव्हता."

मी खाली बसलो. पाणी प्यायलो. चौतीस वर्षं मी लोकांची बोलणी ऐकतोय, पण माझ्या तोंडासमोर काय म्हणतात ते ऐकायचं राहून गेलं होतं. 'मी आहे ना' म्हणत मी त्यांच्याही वाटणीचं बोलून टाकत होतो.

काम कारखान्याने परत दिलं, पण निम्मं. उरलेल्या निम्म्यासाठी मी मुख्याकडे पुन्हा गेलो नाही. देवव्रतच म्हणाला, "मामा, आता तुम्ही फोन करू नका, प्लीज. मी स्वतः भेटतो." भेटला. इन्शाल्ला सप्टेंबरात बघू म्हणाले त्याला. बॅगा भरण्याचं सध्या तरी खलास.

शेडचा कोपरा मला दिला. नमिताने नवा कागद टाइप केला: एक वर्ष, पुढच्या वर्षी दोघांना पटलं तर पुन्हा, आणि कुणालाही नको असेल तर महिन्याच्या नोटिशीने मोकळं. "घरी नेऊन वाचा मामा, घाई नाही," म्हणाली. मी घरी नेला, दोन दिवस वाचला, लताला वाचायला दिला. मग सही केली. खाली तिची सही, शिक्का, तारीख.

तुला हे मार्चपासून माहीत असणार. असू दे. तू सांगितलं असतंस तर मी तुझ्यावरही संशय घेतला असता.

एक राहिलं. नाशकात सगळ्यांना 'माझा लेक मालक झाला' असं सांगायला मी लिहिलं होतं. सांगितलं असशील तर दुरुस्त कर. सीआरवर तारीख एकोणीस जानेवारीची आहे, सही करायचा अधिकार एकट्या नमिताला आहे, आणि देवव्रत तिथे महिना सात हजार रियालवर नोकरीला आहे.

नंदू